वखारीच्या जुन्या वहीतील मापे : घनफूट, टन आणि तसू यांचा हिशेब कसा लावावा?

प्रश्न : लालबागची लेक

नमस्कार. माझे पणजोबा रे रोडजवळच्या एका लाकडाच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांच्या हातची मोजणीची एक वही आमच्या घरी जपून ठेवलेली आहे. ती संवत १९९० ची, म्हणजे १९३३ च्या दिवाळीपासून १९३४ च्या दिवाळीपर्यंतची असून मजकूर मोडीत आहे. गेली दोन वर्षे मी मोडी शिकत आहे आणि आता अक्षर बऱ्यापैकी लागते. त्यामुळे अडचण वाचनाची राहिलेली नाही, ती मापांची आहे.

गोल लाकडाच्या पानावर 'बर्मा साग' या मथळ्याखाली चार लठ्ठ्यांची नोंद आहे. लांबी फुटांत, घेर इंचांत आणि शेवटी एक आकडा, अशी मांडणी दिसते :

लांबी १८, घेर ७२ : ४०-६
लांबी १६, घेर ८४ : ४९-०
लांबी २०, घेर ६० : ३१-३
लांबी १२, घेर ८४ : ३६-९

खाली बेरीज १५७-६ आणि तिच्यापुढे 'टन ३, ७-६' असे लिहिले आहे. शेवटचा आकडा घनफुटांचा असावा असे धरून मी शाळेत शिकलेल्या रीतीने पहिल्या लठ्ठ्याचे घनफळ काढले, म्हणजे घेरावरून त्रिज्या, त्रिज्येवरून वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि त्याला लांबीने गुणले, तेव्हा उत्तर ५१.५७ घनफूट आले. वहीत मात्र ४०.६ आहे. चारही लठ्ठ्यांत माझा आकडा वहीपेक्षा पाव पटीहून थोडा जास्तच येतो. शिवाय बेरीजही जुळत नाही, कारण ४०.६, ४९, ३१.३ आणि ३६.९ मिळून १५७.८ होतात, १५७.६ नव्हेत. टनाचा उलगडा तर मुळीच होत नाही.

पुढे पाइनच्या एका पानावर 'फळी १२ फूट, ११ इंच, १॥ इंच, स्टँ. १, १६५-०' अशी नोंद आहे. फळ्या किती होत्या ते लिहिलेले नाही. एका ठिकाणी 'जळाऊ खंडी २ मण ५' आहे. शेवटच्या पानावर संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावच्या घराच्या दाराची चौकट लिहिली आहे : 'उंची ग २॥ त ४, रुंदी ग १ त ८'. यातील ग म्हणजे गज आणि त म्हणजे तसू हे कळते, पण कोणता गज आणि केवढा तसू ते कळत नाही.

हे सर्व विचारण्यामागे एक कारण आहे आणि ते न सांगता विचारणे मला बरे वाटत नाही. मालकांच्या घरातील नव्या पिढीने पणजोबांवर 'माप कमी लावून गिऱ्हाइकाचा फायदा केला' असा ठपका ठेवला आणि त्यांनी नोकरी सोडली, असे आमच्याकडे दबक्या आवाजात सांगितले जात असे. माझे वडील हा विषय निघाला की उठून जात. मी स्वतः गणित केल्यावर पहिल्याच ओळीत अकरा घनफूट कमी निघाले, तेव्हा मला फार वाईट वाटले. या मापांची माहिती असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : शिवडीची आरा गिरणी

ताई, आधी मनावरचे ओझे उतरवून ठेवा. आपण दिलेल्या चारही ओळी आणि त्यांची बेरीज अगदी बरोबर आहे. मी एकेचाळीस वर्षे लाकूड कापण्याच्या गिरणीत काढली आहेत आणि वखारीत मोजणी शिकताना मला दिलेला पहिला धडा हाच होता.

'४०-६' यातील आडवी रेघ दशांश चिन्ह नाही. घनफुटाचे बारा भाग करून त्यातील एका भागाला या हिशेबात इंच म्हणत. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड असा तुकडा डोळ्यांसमोर आणा. असे बारा तुकडे एकावर एक रचले की एक घनफूट होतो. तेव्हा ४०-६ म्हणजे साडेचाळीस, ३१-३ म्हणजे सव्वाएकतीस आणि ३६-९ म्हणजे पावणेसदतीस. आता बेरीज करा. इंचांचे सहा, तीन आणि नऊ मिळून अठरा होतात, त्यातील बाराचा एक घनफूट हातचा जातो आणि सहा उरतात. घनफुटांची बेरीज १५६, त्यात हातचा एक मिळवला की १५७-६. दिवाणजींच्या बेरजेत चूक नाही. अशा वहीला दशांशाने हात लावला की ती हमखास चुकलेली दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे लठ्ठ्याचे घनफळ. वखारीत कोणीही त्रिज्या काढत नसे. लठ्ठ्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर घ्यायचा, ती दोरी दोनदा दुमडायची, म्हणजे घेराची चौथाई हातात येते. त्या चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणायचे. पहिल्या लठ्ठ्याचा घेर ७२ इंच, चौथाई १८ इंच, म्हणजे दीड फूट. दीड दिडके सव्वादोन, आणि सव्वादोन गुणिले अठरा म्हणजे साडेचाळीस. ज्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे पाढे तोंडपाठ होते, तिला यासाठी कागदाची गरज पडत नसे. इंचांतच करायचे असेल तर चौथाईचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले १४४.

या रीतीला इंग्रजी व्यापारात 'हॉपस' माप म्हणतात. एडवर्ड हॉपस या इंग्रज सर्वेक्षकाने १७३६ साली अशा मोजणीची तयार कोष्टके छापली. घेर आणि लांबी पाहायची आणि उत्तर उचलायचे, इतकी ती सोपी असल्याने जिथे जिथे इंग्रजांचा लाकडाचा व्यापार गेला तिथे ती गेली. बर्मा सागवानाचा सगळा व्यवहार याच मापावर चाले. लठ्ठ्यातून चारी बाजूंनी तासलेली तुळई केवढी निघेल, तेवढ्याच लाकडाचे पैसे घ्यायचे, असा त्यामागचा विचार.

टनाचेही तसेच. तो वजनाचा टन नाही, तो पन्नास घनफुटांचा टन आहे. १५७-६ मधून तीन पन्नास काढले की ७-६ उरतात, तेच पणजोबांनी लिहिले आहे.

उत्तर २ : दादरचा गणित शिक्षक

वरील उत्तर मोलाचे आहे, विशेषतः बारा भागांच्या इंचाचा खुलासा. मात्र त्यातील एका वाक्यात दुरुस्ती सुचवतो, कारण तेच वाक्य पुष्कळ ठिकाणी छापलेलेही आढळते. चौथाई घेराच्या मापाने जे घनफळ येते ते तासलेल्या तुळईचे घनफळ नव्हे. ते तिच्यापेक्षा बरेच जास्त असते.

आपलाच पहिला लठ्ठा घेऊ. घेर ७२ इंच असेल तर व्यास सुमारे २२.९ इंच. संपूर्ण गोलाचे घनफळ ५१.५७ घनफूट, हे ताईंनी काढलेच आहे. त्या वर्तुळात बसणारा मोठ्यात मोठा चौरस घेतला तर त्याची बाजू सुमारे १६.२ इंच येते, आणि चारी कोपरे धारदार असलेली अठरा फुटी तुळई ३२.८३ घनफुटांची होते. चौथाईने धरलेला चौरस १८ इंचांचा आहे. तो वर्तुळात मावतच नाही, त्याचे कोपरे सालीच्या बाहेर जातात. म्हणजे एकाच लाकडाचे तीन आकडे झाले : सगळे लाकूड ५१.५७, व्यापारी माप ४०.५ आणि स्वच्छ तुळई ३२.८३. व्यापारी माप या दोघांच्या मधे पडते आणि मला ते फार विचारपूर्वक टाकलेले पाऊल वाटते. गिऱ्हाईक सगळ्या गोलाचे पैसे देत नाही, कारण त्यात साल, कडेचे कच्चे लाकूड आणि करवतीचा भुसा आहे. पण तो केवळ तुळईचे पैसे देऊनही सुटत नाही, कारण कडेने निघालेल्या चिरफळ्या त्याच्याच पदरात पडतात.

करवतीच्या वाटेचाही विचार करून पाहा. अठरा इंच रुंद आणि अठरा फूट लांब अशा एका चिरेचे क्षेत्रफळ सत्तावीस चौरस फूट होते. करवत पाव इंच लाकूड खात असेल, तर एका चिरेत अर्ध्या घनफुटाहून अधिक लाकूड, वहीच्या भाषेत ०-६॥। (पावणेसात इंच), भुसा होऊन जमिनीवर पडते. एका लठ्ठ्याच्या फळ्या पाडायला अशा कितीतरी चिरा द्याव्या लागतात.

व्यापारी माप आणि खरे घनफळ यांचे गुणोत्तर ठरलेले आहे. ते पाय (π) या स्थिरांकाच्या चौथाईइतके, म्हणजे ०.७८५४ असते, आणि लठ्ठा जाड असो की बारीक, त्यात फरक पडत नाही. ताईंना प्रत्येक ओळीत सारखाच फरक सापडला तो यामुळे. माप मारण्याचा हेतू असता तर फरक ओळीगणिक बदलला असता.

आता मेट्रिकमध्ये आणताना घ्यायची काळजी. एका घनमीटरात ३५.३१५ साधे घनफूट असतात, पण हॉपसच्या मापाचे २७.७४ घनफूट होतात. गोल लाकडाच्या पानावरील १५७-६ ला २७.७४ ने भागावे, उत्तर ५.६८ घनमीटर येईल, आणि ते २००.५ साध्या घनफुटांशी जुळेल. त्याच आकड्याला ३५.३१५ ने भागले तर ४.४६ घनमीटर येतील आणि सव्वा घनमीटर सागवान हिशेबातून नाहीसे होईल. कापीव मालाच्या पानांवर, म्हणजे कड्या, वासे, फळ्या यांच्या नोंदींत, रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन १४४ ने भागलेले असते. ते साधे घनफूट आहेत आणि तिथे ३५.३१५ हाच आकडा लागू पडतो. एकाच वहीत, एकाच हस्ताक्षरात, एकाच नावाने लिहिलेले हे दोन वेगवेगळे घनफूट आहेत. त्यामुळे पान कोणत्या मालाचे आहे ते पाहिल्याशिवाय भागाकार करू नये.

उत्तर ३ : सुताराचा नातू

गज आणि तसू यांच्याविषयी लिहितो, कारण हा विषय माझ्या घरातला आहे.

'तसूभरही हलला नाही' असे आपण रोज म्हणतो, पण तसू किती मोठा असतो हे फारसे कोणी विचारत नाही. मुंबईच्या जुन्या मापांत सोळा तसूंचा एक हात आणि चोवीस तसूंचा एक गज. मुंबईचा गज इंग्रजी यार्डासारखा छत्तीस इंचांचा नव्हता. तो सत्तावीस इंचांचा होता. त्यामुळे हात अठरा इंचांचा आणि तसू सव्वा इंचाला थोडा कमी, नेमके सांगायचे तर एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा होतो. आमचे आजोबा याला 'इंच आणि एक सूत' म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि ते माप मुंबईतील सुतारांच्या आणि फॅब्रिकेशनवाल्यांच्या तोंडी आजही आहे.

आता आपली चौकट पाहा. अडीच गज म्हणजे साठ तसू, त्यात चार मिळवले की चौसष्ट. चौसष्ट तसूंचे बरोबर चार हात होतात, आणि चार हात म्हणजे बहात्तर इंच, सहा फूट. रुंदी एक गज आठ तसू, म्हणजे बत्तीस तसू, बरोबर दोन हात, छत्तीस इंच. दाराची उंची रुंदीच्या दुप्पट आहे. आकडे असे पूर्ण हातांत बसतात त्यावरून मला वाटते की सुताराने मनात हात धरले आणि दिवाणजींनी ते वखारीच्या सवयीने गज-तसूंत उतरवले.

तरी एक शक्यता पडताळून पाहावी. इंग्रजी फूटपट्टी सर्रास झाल्यावर इंचालाच तसू म्हणण्याची आणि दोन फुटांना गज म्हणण्याची सवयही कारागिरांत पडली होती. माझ्या आजोबांच्या तोंडी दोन्ही अर्थ असत आणि कोणता अर्थ चालू आहे हे समोरच्या कामावरून कळे. त्या रीतीने आपली चौकट चौसष्ट इंच उंच आणि बत्तीस इंच रुंद होईल. वहीतून याचा निर्णय होणार नाही, पण घर उभे असेल तर दारावरून होईल. कोणाला तरी टेप घेऊन पाठवा.

खंडीबद्दल थोडक्यात सांगतो. वीस मणांची एक खंडी, हे सूत्र सर्वांना ठाऊक असते, पण मण कोणता हा खरा प्रश्न आहे. मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलोचा होता. सरकारी किंवा रेल्वेचा मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, ३७.३ किलोचा. त्यातही मालागणिक खंडी बदले. मुंबईत कापसाची खंडी वीस नव्हे तर अठ्ठावीस मणांची, ७८४ पौंडांची होती, आणि कापसाच्या बाजारात आजही ३५६ किलोची खंडी बोलली जाते ती तीच. म्हणून जळाऊ लाकडाच्या ओळीला लगेच किलोत आणू नका. वहीत दुसरीकडे मणांची बेरीज करून खंडी केलेली असेल, तर किती मणांवर हातचा गेला आहे ते पाहा. वीस की अठ्ठावीस ते तिथेच कळेल. बांबू किंवा बल्ल्यांपुढे 'कोडी' दिसली तर ती मात्र सरळ विसांची.

उत्तर ४ : गोदीवाला

पाइनच्या ओळीतील 'स्टँ.' म्हणजे स्टँडर्ड. हे युरोपाच्या उत्तर भागातून येणाऱ्या मऊ लाकडाचे माप असून त्याला पीटर्सबर्ग स्टँडर्ड म्हणत. शहराचे नाव १९१४ मध्ये बदलले तसे तेही पेट्रोग्राड स्टँडर्ड झाले. बारा फूट लांब, अकरा इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा एकशेवीस फळ्या म्हणजे एक स्टँडर्ड. एका फळीचे १.३७५ घनफूट होतात, एकशेवीस फळ्यांचे १६५. आपल्या पणजोबांनी नग लिहिले नाहीत कारण लिहिण्याची गरजच नव्हती, 'स्टँ. १' यात एकशेवीस आलेच. त्या व्यापारात शंभराचा 'शेकडा' एकशेवीसचा धरण्याची जुनी रीत होती, तिचा हा अवशेष आहे. फळी दुसऱ्या आकाराची असेल तर नग बदलतात, पण १६५ घनफूट कायम राहतात, त्यामुळे इतर पानांवर 'स्टँ.' आले तर १६५ ने गुणावे आणि ते साधे घनफूट समजावेत.

इंग्रजी कागदांत 'लोड' हे मापही भेटेल. तासलेल्या लाकडाचा लोड पन्नास घनफुटांचा आणि न तासलेल्याचा चाळीस घनफुटांचा. जहाजबांधणीचे लाकूड यातच मोजत. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे; त्या काळच्या गोदीच्या हिशेबात फूट आणि टनांच्या जोडीने हे लोड येतात.

मोजणीच्या विषयाला धरून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ताईंचे गाव संगमेश्वरचे आहे. बर्मा सागवानाचा व्यापार करणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. १८८५ मध्ये, कंपनीने जितक्या लठ्ठ्यांचे पैसे भरले त्याहून कितीतरी अधिक लठ्ठे जंगलातून नेले, असे ठरवून ब्रह्मदेशच्या दरबाराने तिला मोठा दंड केला. तो वाद पुढे युद्धाचे निमित्त ठरला, थिबा राजाचे राज्य गेले आणि त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. रत्नागिरीला थिबा पॅलेस पाहायला आपण सगळेच गेलेलो असतो. मला ती वास्तू पाहताना दर वेळी नदीकाठी रचलेले ते लठ्ठे आणि त्यांची मोजणी आठवते.

उत्तर ५ : वास्तुरचनेची विद्यार्थिनी

मला एक लहानसा मुद्दा मांडायचा आहे. भारतात मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून मेट्रिक पद्धत लागू होऊ लागली, तरी मी गेल्या महिन्यात मुंबईत सागवानाचा भाव विचारला तेव्हा तो मला घनफुटानेच सांगण्यात आला. प्लायवूडवर १२ मिलिमीटर छापलेले असते आणि मिस्त्री त्याला चार सूत म्हणतो. त्यामुळे ही मापे पूर्णपणे इतिहासजमा झाली असे मला वाटत नाही. शिक्षक महोदयांना विचारायचे आहे की आज भाव घनफुटाने सांगितला जातो तेव्हा तो कोणता घनफूट असतो?

दादरचा गणित शिक्षक

आपला प्रश्न योग्य आहे. कापीव माल घेत असाल तर साधा घनफूट. गोल लठ्ठा घेत असाल तर मोजणी चौथाई घेराची आहे का, हे भाव ठरवण्याआधी स्पष्ट विचारून घ्यावे. आपल्याकडे जंगल खात्याच्या मोजणीतही हे सूत्र दीर्घकाळ वापरले गेले, आणि तेच सूत्र मीटरमध्ये लावले तर त्यातून निघणारा घनमीटरही खऱ्या घनमीटरापेक्षा वेगळा असतो. एककाचे नाव बदलले म्हणून मोजण्याची रीत बदलतेच असे नाही.

लालबागची लेक

सर्वांचे मनापासून आभार. गेले आठ दिवस मी रात्री वही घेऊन बसत होते आणि आज सकाळी गोल लाकडाची सर्व पाने संपली. एकूण त्रेसष्ट लठ्ठ्यांची नोंद आहे. दोरी दुमडून, चौथाईचा वर्ग करून, लांबीने गुणून आणि १४४ ने भागून पाहिले. बासष्ट ओळी जुळल्या. इंचाच्या पुढचा अपूर्णांक पणजोबांनी सगळीकडे सोडून दिलेला आहे, तोही सातत्याने. मणांची बेरीज असलेले एक पान सापडले, त्यात हातचा विसावर गेलेला आहे.

गावी माझ्या चुलतभावाने चौकट मोजली. आतून रुंदी बरोबर छत्तीस इंच भरली. उंची साडेसत्तर इंच आली, तेव्हा मी जरा खट्टू झाले, पण काकूंनी सांगितले की पूर्वी तिथे सारवलेली जमीन होती आणि त्यांच्या लग्नानंतर शहाबादी फरशी बसवली. उंबऱ्याच्या एका कोपऱ्यात फरशीची जाडी दिसते. खालच्या भरावासकट ती दीड इंच आहे. म्हणजे दार चार हातांचे होते आणि तसू मुंबईचाच होता. हे मी वडिलांना फोनवर वाचून दाखवले. या वेळी ते ऐकत राहिले, आणि मग म्हणाले की त्या त्रेसष्टाव्या ओळीचे काय ते विचार.

ती ओळ अशी आहे : लांबी १५, घेर ८०, पो. २ : ३६-१. घेराची चौथाई वीस इंच, तेव्हा माझ्या हिशेबाने ४१-८ यायला हवेत. साडेपाच घनफूट कमी आहेत आणि 'पो.' म्हणजे काय ते मला लागत नाही.

शिवडीची आरा गिरणी

ताई, 'पो.' म्हणजे पोकळ. सागवानाचा लठ्ठा बाहेरून धडधाकट दिसतो, पण बुंध्याकडून काही फूट आत गाभा कुजून पोकळ झालेला असू शकतो. मोजणारा माणूस काठी आत घालून ती कुठवर जाते ते पाहतो आणि तेवढी लांबी सोडून देतो. इथे दोन फूट पोकळ निघाले, म्हणून मोजणीला लांबी तेरा धरली. वीसचा वर्ग ४००, गुणिले १३, भागिले १४४ म्हणजे ३६ घनफूट आणि एका इंचाहून थोडे अधिक. अपूर्णांक सोडला की ३६-१. ही ओळही जुळली.

वडिलांना हेही सांगा की पणजोबांना लांबीच्या खान्यात तेरा लिहून मोकळे होता आले असते. त्यांनी पूर्ण पंधरा लिहिले, त्यापुढे वजावट लिहिली आणि मग हिशेब लिहिला, म्हणजे वही तपासणाऱ्याला लठ्ठा वखारीत जाऊन पुन्हा मोजता यावा. कापीव मालाच्या पानांवर अशीच एखादी ओळ अडली तर तिच्यापुढे 'गा.' किंवा 'त.' आहे का ते पाहा. आमच्याकडे गाठीसाठी आणि तड्यासाठी तशी खूण करीत असत.